शेगडी बंद म्हणणारं माणूस

दौंडला चर्च सुटलं की पायऱ्यांवर बायका मला गाठतात आणि दर वेळी तोच प्रश्न विचारतात. "तू नक्की करतीस काय गं?"

"मावशी, वस्तू वापरायला सोप्या करते."

"म्हंजी दुरुस्ती?"

"नाही हो."

"मग वस्तू इकतीस व्हय?"

"तेही नाही."

"आगं मग पगार कशाचा देत्यात तुला?"

हा प्रश्न आमच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांनाही मधूनमधून पडतो, त्यामुळे मावशीवर मी चिडत नाही. लग्न का केलं नाहीस, हा त्यानंतरचा प्रश्न असतो. त्याच्या आत मी पायऱ्या उतरलेली असते.

शिरूरजवळच्या आमच्या कारखान्यात शेगड्या बनतात, गॅसच्या आणि विजेच्या. शेगडी नीट पेटते का ते इंजिनिअर मंडळी बघतात. मी पेटवणाऱ्या माणसाकडं बघते. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायचं आणि घरची बाई शेगडीशी कशी वागते ते बघत राहायचं. मधे बोलायचं नाही, शिकवायचं नाही, हात लावायचा नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला देवानं नेमका हाच धंदा दिला, त्यात त्याचा काहीतरी हेतू असणार.

खरं सांगायचं तर या धंद्यात मी आले ती रागापोटी. दाराला ओढायची मूठ लावतात आणि वर पाटी लावतात, 'ढकला'. लॉजवर गरम पाण्याचा नळ कुठला ते डोक्यावर गार पाणी पडल्यावर कळतं. असं काही दिसलं की माझं टाळकं फिरतं. त्याहून जास्त फिरतं ते लोक म्हणतात तेव्हा, "आमालाच न्हाई ओ जमत, आमी अडाणी." अहो, स्वतःला कशाला नावं ठेवता? ज्यानं ती मूठ लावली त्याला उभा करा की उन्हात!

एकदा आमच्या काचेच्या, बोट टेकवून चालणाऱ्या शेगडीच्या तक्रारी यायला लागल्या. बोट लावलं तरी शेगडी ऐकत नाही म्हणे. इंजिनिअर म्हणाले, लोक माहितीपत्रक वाचत नाहीत. मी न्हावरे गावाकडच्या एका काकूंच्या घरी जाऊन बसले. शेगडी नवीकोरी, कारखान्यातून आलेलं पातळ प्लास्टिक अजून काचेवर तसंच. वर हळद-कुंकू वाहिलेलं आणि नेमकं चालू-बंदच्या खुणेवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. त्याला धक्का लागू नये म्हणून काकू बिचाऱ्या कडेकडेनं बोट टेकवून बघत होत्या. बोलायचं नसतं, पण माझ्याच्यानं राहवलं नाही.

"काकू, प्लास्टिक काढलं नाही का?"

"काढायचं कशापायी? नवं हाय तवर नवं ऱ्हाऊ दे की."

आमच्या घरी टीव्हीचा रिमोट बिघडला तरी त्याच्यावरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं, तेव्हा मी कुठल्या तोंडानं बोलणार? परत येऊन मी इंजिनिअरांना सांगितलं, प्लास्टिक निघायचं नाही आणि स्वस्तिकही पुसलं जायचं नाही, तेव्हा शेगडी बदला. चांगलं कचाकचा भांडले. शेवटी कारखान्यातच बटणांपुरतं प्लास्टिक कापून मग चिकटवायला लागले आणि काचेच्या वरच्या कडेला कुंकवासाठी मोकळी जागा राहिली. तक्रारी थांबल्या. हिनं शेगडीत देव्हारा बसवला, असं इंजिनिअर अजून म्हणतात.

माणसं वस्तूंशी कशी वागतात ते बघायचं वेड मला घरूनच मिळालं. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, रेल्वेत ड्रायव्हर होते. आता लोको पायलट म्हणतात, पण आप्पांना तो शब्द रुचत नाही. "इमान चालवल्यावानी वाटतं," म्हणतात. इंजिनात माणसं दोन, ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट. सिग्नल दिसला की एकानं हात करून मोठ्यानं म्हणायचं, "हिरवा!" दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून म्हणायचं, "हिरवा!" मगच पुढं. एकट्याच्या डोळ्यांवर गाडी सोडायची नाही, मग ते डोळे कितीही मुरलेले असोत. कॉलेजात आमच्या सरांनी याच गोष्टीवर अख्खा तास घेतला, तेव्हा मी मनात म्हटलं, आमच्याकडं तर हे चहाच्या वेळेला चालतं.

कारण आप्पांनी ती सवय घरी आणली होती. बाहेर निघताना आप्पा म्हणणार, "कडी लावली!" आई वळून बघणार आणि म्हणणार, "कडी लावली!" सगळ्यात थाट शेगडीचा. सकाळचा चहा जन्मभर आप्पांनीच केला. चहा लालभडक उकळला की एक हात बटणावर ठेवायचा, दुसरा वर करायचा आणि गरजायचं, "शेगडी बंद!" आई खाली लसूण सोलत बसलेली असायची. ती मान वर करून शेगडीकडं बघायची आणि म्हणायची, "शेगडी बंद!" तिचं उत्तर आलं की आप्पा बटण फिरवायचे. गल्लीतले लोक अंथरुणातून म्हणायचे, "ड्रायव्हरच्या घरी सिग्नल पडला, उठा आता." लहानपणी मैत्रिणीच्या घरी गेले की मला भीती वाटायची. तिथं शेगडी कुणी न बोलताच बंद करायचं.

मग आई गेली. चार दिवस ताप काय आला आणि गेलीच. घर एकदम मुकं झालं. मी शिरूरला भाड्याच्या खोलीत एकटी, दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पुण्यात बायकोपोरांसकट आणि आप्पा दौंडच्या घरात एकटे. त्यांचा जेवणाचा डबा खानावळीतून यायचा, शेगडी पेटायची ती सकाळच्या चहापुरती.

आधी एक पातेलं जळलं. आप्पा म्हणाले, पातेल्याचा पत्राच पातळ होता. नंतर एकदा चहा उतू जाऊन आच विझली, गॅस तसाच सुटत राहिला आणि आप्पा बाहेर पेपर वाचत बसलेले. वास गेला शेजारच्या चाचींना. त्या हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या, खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला. आप्पांना एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण दादाला फोन लावला.

दादानं तिथल्या तिथं ठरवलं. "नाताळाआधी मी येतो आणि आप्पांना घेऊन जातो. कायमचे." दादाचं चुकत नव्हतं. घर मोठं, वहिनी मायाळू, दवाखाना इमारतीच्या खालीच. पण आप्पांना दौंड सोडायचं नव्हतं. घरामागून लाईन जाते, पडल्या पडल्या ते सांगतात, मालगाडी भरलेली हाय का मोकळी. चहा झाला की स्टेशनाजवळच्या बाकावर म्हातारे ड्रायव्हर जमतात आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला नावं ठेवतात. आईची कबर चालत जाण्यासारख्या अंतरावर आहे. यातलं काहीच आप्पा दादाला बोलले नाहीत. "नवव्या मजल्यावर मालगाडी कुठनं ऐकू येनार?" एवढंच म्हणाले आणि मान खाली घातली. सबंध गाडी ओढणाऱ्या माझ्या बापानं मान खाली घातलेली मी पहिल्यांदा बघितली. 

मी म्हटलं, "दादा, तू येशील तोवर मला बघू दे. शेगडी हाच माझा धंदा आहे. घरचीच जमत नसेल तर जगाच्या शेगड्यांत कशाला नाक खुपसते मी?"

"बघ," दादा म्हणाला, "पण उगाच खेळ नको. त्या दिवशी चाची नसत्या तर?"



पहिल्यांदा मी कारखान्यातून आपोआप बंद होणारी शेगडी नेली. लावलेली वेळ संपली की ती गपकन विझायची. आप्पांचा चहा काही वेळेवर होणाऱ्यातला नव्हे, तो त्यांच्या मनासारखा लाल होईस्तोवर उकळणार. ते पेटवायचे, ती विझायची. पुढच्या रविवारी जाऊन बघते तर जुनी शेगडी परत जागेवर आणि नवीवर धुतलेली भांडी पालथी घातलेली.

"लय उपेगाची हाय," आप्पा म्हणाले. "पानी झकास निथळतं."

मग मी आमच्या एका इंजिनिअरला लाडीगोडी लावून एक बोलणारी डबी करून घेतली. आप्पा बोलले की डबी माझ्या आवाजात म्हणणार, "शेगडी बंद!" ओट्यावर ठेवली. आप्पांनी हात वर केला. "शेगडी बंद!"

"शेगडी बंद!" डबी म्हणाली.

आप्पांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "शेगडी चालू!"

"शेगडी बंद!"

"घर पेटलं!"

"शेगडी बंद!"

"ह्यो कसला असिस्टंट? ह्यो तर सायबाचा चमचा!"

चाची दारात उभ्या होत्या, त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी चौकटीला धरलं. हसले मीही, पण डबी पिशवीत टाकताना मला रडू येत होतं. दादाच्या येण्याला फार दिवस उरले नव्हते.

तेव्हा मी लोकांच्या घरी जे करते ते आमच्याच घरी करायचं ठरवलं. रजा टाकली, सकाळी सकाळी स्वयंपाकघरात स्टूल टाकलं आणि बसले.

"मी इथं नाही असं समजा, आप्पा."

"येवढं धूड समोर बसलंय, कसं समजू?" म्हणाले, पण आधण ठेवलं.

आलं ठेचलं, पत्ती टाकली, दूध घातलं. कुठंही हात अडखळला नाही. चहा लाल झाला. एक हात बटणावर गेला, दुसरा वर झाला. "शेगडी बंद!"

आणि आप्पा तसेच उभे राहिले. नजर भिंतीजवळ, खाली, जिथं आई लसूण सोलत बसायची तिथं. तिथं आता पिठाचा डबा आहे. मला ओरडावंसं वाटत होतं, पण जीभ दातांखाली धरून गप्प बसले. थोड्या वेळानं वर केलेला हात खाली आला. बटणावरचा हातही निघाला. आप्पांनी पातेलं उतरवलं, चहा गाळला, उरलेल्या चहाचं पातेलं परत आचेवर ठेवलं आणि कप घेऊन ते बाहेर गेले. मागं शेगडी निळ्या आचेवर जळतच होती.

सगळे म्हणत होते, आप्पा विसरायला लागलेत. विसरले असते तर हात बटणावर गेलाच नसता. ते उत्तराची वाट बघत होते. दुसऱ्यानं बघून सांगितल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं, आणि सांगणारी गेली होती. मी शेगडी बंद केली आणि तिथंच, पिठाच्या डब्याजवळ बसून, पोटभर रडले.

चाची म्हणाल्या, "मी येत जाते रोज सकाळी." आप्पांनी हात जोडले. "तुमच्या घरात शाळंची, डब्याची घाई. कुनाच्या चुलीवरनं कुनाला उठवायचं न्हाई." मग माझ्यापुरता प्रश्न स्पष्ट होता. उत्तर द्यायला माणूस पाहिजे, आणि त्या माणसाला शेगडी दिसायला पाहिजे. आप्पांकडं मोबाईल होता, त्यावर ते आगगाड्यांचे व्हिडिओ बघतात. मी म्हटलं, "सकाळी चहाला मला व्हिडिओ कॉल करायचा. मी बघते आणि मी म्हणते."

आप्पांनी हनुवटी खाजवली. "करू. पन इंजनात दोघंबी जागी पायजेत. तू आंथरुनातनं जांभया देत म्हननार आसशील तर नको. तुझी शेगडी बी मला दिसली पायजे. तू बी म्हनायचं, मी बी बघनार."

"माझी कशाला?"

"मग ऱ्हाऊ दे."

म्हातारपणीचा हट्ट, दुसरं काय, असं म्हणून मी कबूल झाले.

सुरुवातीला मला शेगडी सोडून सगळं दिसलं. एकदा पंखा दिसला. एकदा आप्पांचा कान दिसला, तोही इतका जवळून की वंशावळ काढता यावी. कॉल घ्यायचं बटण आणि तोडायचं बटण शेजारी शेजारी ठेवणाऱ्या माणसाला मी शिरूरमधून इतक्या शिव्या घातल्या की शेजारीण डोकावून गेली. मग एका रविवारी खिडकीच्या गजाला तारेचा आकडा करून दिला. फोन त्यात अडकवला की शेगडी, बटण आणि आप्पा, तिन्ही दिसायचे. आयुष्यात केलेल्या कामांत हा आकडा मला फार आवडतो, आणि त्याला कुणी बक्षीस देणार नाही.

त्यानंतर आमची गाडी रुळाला लागली. "शेगडी बंद!" आप्पा गरजायचे. मी निरखून बघायची आणि म्हणायची, "शेगडी बंद!" बटण फिरायचं, आच जायची. मग माझी पाळी.

"काय हाय तुझ्या शेगडीवर?"

"चहा."

"नुस्ता च्या? येवढ्याशा च्यासाठी मी कशाला वरडू? कायतरी टाक की कढईत."

मग मी पोहे टाकायची, उपीट टाकायची. कांदा किती चिरायचा, फोडणीला घाई करू नको, थालीपीठ थापताना हात ओला कर, सगळं तिकडून चालायचं. ज्या माणसानं चहापलीकडं काही केलं नाही तो मला फोडणी शिकवत होता! "खा आता, गार व्हायच्या आत," म्हणायचे आणि माझा पहिला घास होईस्तोवर फोन बंद करायचे नाहीत. शेवटी शेवटी मी भांडायचंही सोडलं. दौंडच्या घरात पुन्हा पातेलं जळलं नाही, वास आला नाही. चाची फोनवर म्हणाल्या, "सिग्नल पडायला लागला गं परत."

ठरल्याप्रमाणे दादा आला. मी मुद्दाम गेले नाही, कारण मी तिथं असताना सगळं ठीक चालणारच, त्यानं मी नसताना बघावं. सकाळी फोन लागला तेव्हा आप्पांच्या मागं, दाराला टेकून, दादा उभा दिसला. पायाशी मोठी रिकामी बॅग.  आप्पांनी हात वर केला, मी उत्तर दिलं, आच गेली. मग माझी पाळी झाली. मी पोहे ताटलीत काढले. आप्पा चहा गाळायला वळले. फोन आकड्यात तसाच चालू होता.

दादा म्हणाला, "आप्पा, छान आहे हे. खरंच छान आहे. पण असं किती दिवस चालणार? रोज सकाळी तिनं तिकडं फोन धरून बसायचं का? तिला नोकरी आहे. चला माझ्याबरोबर, तिला मोकळं करा."

संपलं, मला वाटलं. याच्यावर आप्पा मान खाली घालणार. 'तिला त्रास नको' म्हटलं की माझा बाप कुठंही जायला तयार होईल, हे दादाला माहीत होतं आणि मलाही.

आप्पांनी गाळणं खाली ठेवलं.

"आरं, माझ्या शेगडीचं काय घिऊन बसलास? तुझ्याकडं आलो तर सूनबाई हाय, तू हायस, कुनीबी बघंल. पन तुझी आई गेल्यापास्नं ही पोरगी सकाळचं कायबी शिजवत न्हवती. दर रविवारी यायची, तवा कापडं आंगावर लोंबायची. इचारलं की म्हनायची, 'खाल्लं आप्पा.' खोटं बोलती ते बापाला कळत न्हाई व्हय? आता रोज माझ्यासमोर करती, माझ्यासमोर खाती. मी आलो पुन्याला, तर हिच्या शेगडीकडं कोन बघंल, सांग की मला."

खरं होतं. आई गेल्यापासून शिरूरच्या खोलीत मी एकटीसाठी कधी कढई तापवली नव्हती, चहाखारीवर कंपनीत जात होते. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून मी ज्याला नाक मुरडलं, त्यापायी हा माणूस रोज सकाळी खिडकीशी उभा राहत होता. राग आला, लाज वाटली, आणि आई गेली त्या दिवसासारखं भडभडून आलं.

 दादानं पायाशी पडलेली बॅग उचलून दाराआड ठेवली. मग खिडकीजवळ आला, फोनमध्ये तोंड घालून बघितलं तेव्हा त्याला कळलं की मी सगळं ऐकलंय.

"काय केलंस आज?" त्यानं विचारलं. 

"पोहे."

"दाखव."

मी ताटली पुढं धरली. दादाच्या खांद्यावरून आप्पांनी वाकून बघितलं.

"शेंगदानं कमी हायती," आप्पा म्हणाले.

"वहिनीला सांगतो मी," दादा म्हणाला, "आप्पा येत नाहीत म्हणून. तू खा."

मी उभ्या उभ्याच, त्या दोघांच्या देखत, सगळे पोहे खाल्ले.